पोट भरलं, तोंडाचं काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात मासळीचा उल्लेख असेल, असं कुणाला वाटणार नाही. पण तो आहे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी अरुणा शानबाग प्रकरणात निकाल दिला. दयामरणाचा विषय निघाला की वकील, डॉक्टर, पत्रकार सगळे याच निकालाकडे वळतात. त्यात इंग्लंड-अमेरिकेतले खटले आहेत, मेंदूमृत्यूची व्याख्या आहे, घटनेचं एकविसावं कलम आहे. माझं बोट मात्र मोबाईलच्या पडद्यावर एका साध्या नोंदीपाशी थांबलं. नोंदीचा आशय असा: मासळी आणि चिकन सूप दिलं की त्या खूश झाल्यासारख्या दिसतात. आवडलेला घास घेतात, न आवडलेला थुंकूनही टाकतात. १६ सप्टेंबर २०१० रोजी त्यांना ताप आला, बहुधा मलेरिया. त्यानंतर तोंडानं खाणं कमी झालं आणि नाकातून पोटात नळी घालावी लागली.

मी हे वाचत होते नागपूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. आत माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नाकात तशीच नळी घेऊन पडले होते.

आमचं घर गोसीखुर्दचं. हे नाव तुम्ही ऐकलं असेल ते धरणामुळे. वैनगंगेवर, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, ३३ दरवाजांचं धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि तोवर तो आकडा कुठल्या कुठे गेला होता. पण ती वेगळी कहाणी. आमच्या घरात धरणाच्या आधीपासून आणि नंतरही मासेमारीच होती. मोठेबाबांनी आयुष्यभर दोन गोष्टी सोडल्या नाहीत, जाळं आणि खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटघोट घोटलेला प्रकार. विदर्भाबाहेरच्या वाचकाला एवढं सांगून पुरे. विदर्भातल्याला काही सांगायलाच नको. जिभेच्या कडेला फोड आला, तो बरा होईना, मग तपासणी, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. जिभेचा एक भाग काढला. गिळणं बंद. नाकातून नळी.

वॉर्डात तिला सगळे ‘रायल्स ट्यूब’ म्हणायचे. नर्सबाई घाईत असल्या तर नुसतं ‘आरटी’. मी तेव्हा इतिहासात एम.ए. करत होते आणि नाव दिसलं की त्यामागचा माणूस शोधायची खोड लागलेली होती. तर हा रायल कोण? जॉन आल्फ्रेड रायल, लंडनच्या गायज हॉस्पिटलमधला डॉक्टर. १९२१ मध्ये त्यानं ही बारीक रबरी नळी लोकांपुढे आणली. गंमत म्हणजे ती रोग्याला भरवायला नव्हतीच. रायलला जठरातला रस बघायचा होता. रोग्याला पातळ लापशी प्यायला द्यायची आणि थोड्या थोड्या वेळानं नळीतून पोटातलं थोडं बाहेर ओढून तपासायचं. बाहेर काढण्यासाठी केलेली नळी आज मुख्यतः आत घालण्यासाठी वापरली जाते, आणि भारतातल्या छोट्यातल्या छोट्या दवाखान्यात त्या माणसाचं नाव रोज उच्चारलं जातं.

नळीनं भरवण्याची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. १७९० च्या सुमारास लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर याच्याकडे पन्नाशीचा एक माणूस आला. त्याचे गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. हंटरनं देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीवर ईलची कातडी चढवून नळी केली. ईल म्हणजे आपल्याकडच्या वामीसारखा लांबट मासा. त्या नळीतून त्यानं पोटात काय काय सोडलं? जेली, पाण्यात फेटलेली अंडी, साखर, दूध, वाईन. तो माणूस बरा झाला आणि पुन्हा गिळू लागला. मोठेबाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘वामीची कातडी लई चिवट.’ त्या दिवसातलं ते त्यांचं एकमेव वाक्य.

ही पाटी पुढे पाच महिने घरात फिरत राहिली. दवाखान्यातून सुटी झाली तेव्हा आहाराचा कागद हातात मिळाला. दर दोन तासांनी २०० मिली. भाताची पातळ पेज, डाळीचं पाणी, दूध-केळं मिक्सरमधून काढून गाळलेलं, प्रोटीनची पावडर. आधी डोकं उंच करायचं, मग नळीला सिरिंज लावायची, हात उंच धरायचा आणि आपोआप उतरू द्यायचं. शेवटी साधं पाणी, नाहीतर नळी चोंदते. मोठीआई पहिल्या आठवड्यातच यात नर्सपेक्षा तरबेज झाली. त्या कागदात सगळं होतं. उष्मांक होते, वेळा होत्या, प्रथिनं होती. फक्त चव नव्हती, कारण नळीला चव लागत नाही.

पण माणसाला लागते का? प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पाटीवर मोठेबाबांनी एकदा लिहिलं, ‘भूक नाही. खायाची इच्छा आहे.’ मला तेव्हा ते कोड्यासारखं वाटलं. नंतर कळलं की या एका वाक्यावर वैद्यकानं शंभराहून अधिक वर्षं घालवली आहेत.

सेंट पीटर्सबर्गचा इव्हान पाव्हलॉव्ह आपल्याला माहीत असतो तो घंटा आणि लाळ गाळणाऱ्या कुत्र्यामुळे. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनावरच्या कामासाठी. प्रयोग ऐकायला क्रूर आहे आणि होताही. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी कापून बाहेर उघडायची. मग कुत्रा मांस चघळतो, गिळतो, आणि घास मानेतून खाली भांड्यात पडतो. पोटात कणही जात नाही. तरीही काही मिनिटांत जठरातून रस वाहू लागतो. आता उलट. कुत्र्याचं लक्ष नसताना मांस थेट पोटात सरकवायचं. रस येतो तो उशिरा आणि अगदी थोडा, आणि मांस बराच वेळ तसंच पडून राहतं. पाव्हलॉव्हचा निष्कर्ष असा की खाण्याची इच्छा हीच पचनाची पहिली चावी आहे. तोंडाला अन्न भेटलं नाही तर पोटाला पाहुणा आल्याची वर्दीच जात नाही. याच समजुतीतून आज कित्येक ठिकाणी पोटाच्या ऑपरेशननंतर रोग्याला च्युइंगम चघळायला देतात. गिळायचं काही नाही. नुसतं आतड्यांना जागं करायचं.

कुत्र्याचं ठीक, पण माणसाचं काय? त्यासाठी न्यू यॉर्कच्या टॉमकडे जावं लागतं. वैद्यकाच्या पुस्तकांत तो टॉम एवढ्याच नावानं येतो. १८९५ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्यानं उकळतं शिंपल्याचं सूप चुकून घशात ओतलं. अन्ननलिका भाजून बंद झाली. डॉक्टरांनी पोटावर थेट जठरात उघडणारं भोक ठेवलं आणि त्यातूनच तो पुढे जगला. १९४० च्या दशकात स्ट्यूअर्ट वुल्फ आणि हॅरॉल्ड वुल्फ या दोन डॉक्टरांनी त्याच्या जठराचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. तो रागावला की जठराचा रंग कसा बदलतो वगैरे. वैद्यकात टॉम गाजला तो त्यासाठी. मला मात्र त्याच्या जेवणाच्या रीतीत रस आहे. टॉम अन्न सरळ नरसाळ्यात ओतत नसे. तो आधी घास तोंडात घेई, नीट चावे, चव घेई, मग तो नरसाळ्यात थुंकून पोटात सोडी. तसं केलं नाही तर जेवल्याचं समाधान मिळत नसे. इतरांसमोर जेवायला तो लाजायचा, म्हणून एकटाच जेवायचा. पन्नास वर्षं हा माणूस रोज दोन-तीनदा ही खटपट करत होता. पोटासाठी तिची गरज नव्हती. ती होती तोंडासाठी.

मोठीआईला मी टॉमची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मंग काय तं! पोट भरते, तोंड उपाशीच राह्यते.”

नळीवरच्या माणसाच्या घरात आणखी एक गोष्ट घडते, जी आहाराच्या कागदावर नसते. घरात शिजतं. मोठीआईनं पहिले पंधरा दिवस घरात मासे शिजवलेच नाहीत. त्यांच्या नाकाला वास जाऊ नये म्हणून आम्ही सगळे वरणभातावर. मग एक दिवस मोठेबाबांनीच पाटीवर लिहिलं, ‘मासोळी बनवा. मी मेलो नाही.’ त्या संध्याकाळी मरळीचा रस्सा झाला. रस्सा गाळून, पातळ करून, कोमट करून नळीतून दिला. वीसेक मिनिटांनी त्यांना ढेकर आला आणि चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे थांबा, बोलू नका. ढेकरातून चव वर आली होती. त्यानंतर ते ढेकराची वाट बघत बसायचे. कुणाला किळस येईल. आमच्या घरात तो दिवसातला चांगला क्षण होता.

हीच नळी जबरदस्तीनंही घातली गेली आहे, हे विसरून चालणार नाही. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांच्या उपोषणात सक्तीनं भरवताना त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली. उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबर १९२९ रोजी ते गेले. १९३३ मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांचा बळी अशाच भरवण्यानं घेतला. आणि अगदी आपल्या काळात मणिपूरच्या इरोम शर्मिला. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी उपोषण सुरू केलं. सरकारनं त्यांना अटकेत ठेवून इम्फाळच्या रुग्णालयात नाकातून भरवलं, जवळपास सोळा वर्षं. ९ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांनी तळहातावर मध घेऊन चाटला आणि उपोषण सोडलं. खरं तर त्यांच्या शरीरात इतकी वर्षं अन्न रोज जात होतं. तरीही ते उपोषणच होतं, हे सरकारनं मानलं, त्यांनी मानलं, आपणही मानलं. म्हणजे खाणं कशाला म्हणायचं हे आपण सगळे न सांगताच जाणतो. अन्न पोटात गेलं म्हणजे खाल्लं, असं आपण मानत नाही. जिभेवर मधाचा थेंब गेला, तेव्हा त्यांनी खाल्लं.

विदर्भातलंच दुसरं टोक सांगते. गांधींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांत एक व्रत अस्वादाचं आहे. चवीसाठी खायचं नाही, शरीराला लागेल तेवढं औषधासारखं घ्यायचं. ते व्रत आयुष्यभर पाळणारे विनोबा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला आजारी पडले, तेव्हा त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. अस्वाद हे व्रत होऊ शकतं, कारण स्वाद सोडणारा तो स्वतः असतो. नळीवरच्या रोग्याचा अस्वाद हे व्रत नव्हे. दोन्हींत जिभेवर काही नसतं, एवढंच साम्य.

आता पुन्हा केईएमकडे. अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, म्हणजे किनाऱ्याजवळच्या, मासळीच्या मुलुखातल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या वाचल्या, पण पुढची बेचाळीस वर्षं वॉर्ड क्रमांक चारजवळच्या खोलीत. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि प्रत्येक पिढीनं त्यांना भरवलं. भरवलं म्हणजे तोंडानं, चमच्यानं, मऊ करून.

लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती त्यांना या अवस्थेतून सोडवावं म्हणून. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. न्यायालयानंही त्यांच्या तळमळीची कदर केली आहे. पण याचिकेतला एक मुद्दा वाचताना मी थबकले. अरुणा यांना अन्न चावता येत नाही, चव कळत नाही, तोंडात अन्न आहे याचंही भान नाही, अन्न आपोआप खाली उतरतं, असं त्यात म्हटलं होतं. रुग्णालयाचं उत्तर याच्या नेमकं उलट. त्यांना आवडनिवड आहे. मासळी आवडते. नको ते थुंकतात.

म्हणजे एका माणसाच्या जगण्या-मरण्याच्या खटल्यात एक वाद असा होता: हिला चव कळते का?

न्यायालयानं तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे रूप गुरसहानी आणि सायन रुग्णालयाचे निलेश शाह. जानेवारी २०११ मध्ये ते केईएमला गेले. तेव्हा नळी लागून चार महिने झाले होते आणि बहुतेक अन्न नळीतूनच जात होतं. तपासणीत त्यांनी मेंदूचं, डोळ्यांचं, हातापायांचं सगळं पाहिलं. आणि आणखी एक साधी गोष्ट केली. ओठांवर थोडी साखर आणि केळ्याचा लगदा लावला. अरुणा यांनी तो जिभेनं चाटला आणि गिळला.

एवढंच. डॉक्टरांनी त्यावरून काही मोठा दावा केला नाही, आणि बरं केलं. त्यांचं मत असं होतं की कायमस्वरूपी जाणीवशून्य अवस्थेचे बहुतेक निकष इथे लागू होतात. ओठ चाटणं ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. तान्हं बाळही चाटतं. मासळी पाहून आलेलं हसू भरवणाऱ्या परिचारिकेच्या मायेला दिसलेलं असू शकतं. पण मला वाटतं, चमच्यानं भरवण्याची एक बाजू या वादात नीट मोजली गेली नाही. चमचा धरणाऱ्याला थांबावं लागतं. तोंड उघडतंय का, घास फिरतोय का, गिळला का, की बाहेर आला, हे बघावं लागतं. तोंडानं जेवणारा माणूस नाही म्हणू शकतो. बोलता येत नसेल, हलता येत नसेल, तरी थुंकू शकतो. नळीला नाही म्हणता येत नाही. वर धरलेल्या सिरिंजमधून २०० मिली उतरतंच. केईएमच्या परिचारिकांनी जवळपास सदतीस वर्षं त्यांना नाही म्हणायची सोय ठेवली होती. न्यायालयानं याचिका फेटाळली आणि अरुणा यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्या गेल्या.

नळीमुळे भूक आणि आवड नेमकी कशी बदलते, याची उत्तरं सगळ्यात स्पष्ट मिळाली ती लहान मुलांकडून. १९६४ मध्ये इंग्लंडच्या रोनाल्ड इलिंगवर्थ आणि जेम्स लिस्टर यांनी लिहिलं की चावून खायला शिकण्याचा एक ठराविक काळ असतो, साधारण सहा-सात महिन्यांच्या आसपासचा. तो काळ नळीवर गेला तर पुढे मूल घट्ट अन्न तोंडात घेतच नाही, उलटी काढतं, चमचा बघून तोंड फिरवतं. त्याला भूक लागणं, खाणं आणि भूक जाणं हा सांधाच माहीत नसतो. घड्याळानं दूध पोटात येतं आणि भूक लागायच्या आधीच मोडते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात अशा मुलांना नळीतून सोडवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. तिथली पहिली पायरी कुणाही आजीला पटणारी नाही. डॉक्टरांच्या देखरेखीत नळीचं अन्न कमी करायचं आणि मुलाला भूक लागू द्यायची. मग त्याला जमिनीवर बसवून अन्नात हात घालू द्यायचा, सांडू द्यायचं, फेकू द्यायचं. भरवायचं नाही.

मोठ्यांचं वेगळं. त्यांना भूक आठवत असते. पण सतत थेंबथेंब अन्न चालू असलं तर त्यांचीही भूक मंदावते. चावणं नाही म्हणून लाळ कमी, लाळ कमी म्हणून जिभेवर थर, आणि चव लागायला तर पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. गिळण्याचे स्नायूही वापराविना ढिले पडतात. त्यात शेक घेतलेला असला तर लाळग्रंथी आणि चवीच्या कळ्या आधीच भाजलेल्या.

आणि मग आहे पोटाची स्वतःची आवड. ब्रुकलिन कॉलेजमधल्या अँथनी स्क्लाफानी यांचे उंदरांवरचे प्रयोग वाचून मी चक्रावले. उंदीर एका वासाचं पाणी पितो, त्याच वेळी नळीतून त्याच्या पोटात पिष्टमय द्रव सोडतात. दुसऱ्या वासाच्या पाण्याबरोबर नुसतं पाणी. काही दिवसांनी दोन्ही समोर ठेवली की उंदीर पहिल्याकडे धावतो. जिभेला त्या द्रवाची गोडी कधी कळलेलीच नसते. आतड्यानं ओळखलं, मेंदूला कळवलं आणि आवड तयार झाली. म्हणजे पोट अगदीच आंधळं नाही. पण त्याला जोडायला जिभेवर त्याच वेळी काहीतरी असावं लागतं.

मोठीआईनं हे काही वाचलं नव्हतं. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी दुसऱ्या महिन्यात तपासणी करून सांगितलं होतं की कापसाच्या बोळ्यानं जीभ ओली करायला हरकत नाही, थेंब गिळवायचा मात्र नाही, फुप्फुसात गेला तर जीवावर बेतेल. तेव्हापासून नळीतून पेज उतरत असताना ती बोळा रश्श्यात बुडवून, पिळून, जिभेवर फिरवायची. कधी अंबाडीच्या भाजीचं आंबट पाणी, कधी झिंग्यांचा रस्सा. मोठेबाबा डोळे मिटून घ्यायचे. पाटीवर मग एक-दोन शब्द यायचे. ‘आंबट.’ ‘तिखट जास्त.’ एकदा नुसतंच ‘लोखंड’. शेकामुळे तोंडाला धातूची चव येते, ती.

पाच महिन्यांनी नळी निघाली. मोठीआईनं मरळ आणली, कमी तिखटाची केली, काटे काढून कुस्करून वाटीत दिली. मोठेबाबांनी चमचाभर तोंडात घेतली, बराच वेळ फिरवली आणि वाटी बाजूला सारली. पाटीवर लिहिलं, ‘दूध-केळं.’

मोठीआई उठून मागच्या अंगणात गेली. पस्तीस वर्षं ज्या माणसाला तिनं मासोळी रांधून घातली, त्याला आता मिक्सरमधलं दूध-केळं हवं होतं. दोष शेकाचा किती, नळीचा किती, की पाच महिने पोटाला ज्याची सवय झाली त्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, चव परत येते, महिने लागतात, सगळी येईलच असं नाही. मला स्क्लाफानींचे उंदीर आठवले. पण हे मोठीआईला सांगण्यात अर्थ नव्हता.

तिनं महिनाभर मरळीचं नाव काढलं नाही. दूध-केळं दिलं, पेज दिली. मग एक दिवस वाळलेले झिंगे भाजून, पूड करून चिमूटभर पेजेत टाकले, न सांगता. त्यांनी खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात दोन चिमट्या. आता मोठेबाबा बोलतात, अडखळत का होईना, पण पाटी अजून खाटेजवळ असते. धरणाच्या पाण्यावर जाळं टाकायला धाकटा भाऊ जातो, ते काठावर बसतात. खर्रा बंद आहे. परवा मी घरी होते तेव्हा झिंग्यांची पातळ भाजी होती. त्यांनी दोन घास घेतले, तिसरा ताटाच्या कडेला थुंकला आणि पाटी पुढे केली, ‘मीठ कमी.’

मोठीआईनं चाखून बघितलं. “बरोबर हाये यायचं,” म्हणाली आणि मिठाचा डबा घ्यायला उठली.